वरच्या मजल्यावरचे घर, दरवर्षी 'गॅस' संपणारा एसी आणि झटका देणारा कूलर: आधी काय करावे?

गच्चीखालचे घर, नागपूर (प्रश्न, ७ मार्च)

नमस्कार. आमचे घर नागपुरात एका दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. डोक्यावर थेट स्लॅब आहे, गच्चीवर कसलीही सावली नाही, आणि आईबाबांची झोपण्याची खोली नैऋत्येला असल्यामुळे दुपारी तीननंतर तिची भिंतही तापत जाते. खोली साधारण १२ फूट बाय १३ फूट आहे. तिथे २०१२ साली बसवलेला दीड टनाचा स्प्लिट एसी आहे. तो साधा, म्हणजे इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करणारी सोय) नसलेला आणि आर-२२ वायूवर चालणारा आहे. गेली तीन वर्षे दर मार्चमध्ये 'गॅस कमी झाला आहे' असे सांगितले जाते आणि आम्ही तो भरून घेतो. एप्रिलभर खोली चांगली गार होते. नवतपा (मेअखेरीचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या सुमाराला मात्र, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, यंत्र तासन्‌तास चालूनही खोली ३० अंशांच्या खाली उतरत नाही. मागच्या मे महिन्यात बाहेरच्या युनिटला जोडलेल्या बारीक नळीवर पांढरा बर्फ जमलेला मी स्वतः पाहिला.

बैठकीत टिनाचा डेझर्ट कूलर आहे. तो दहा वर्षांचा असून त्याच्या ताट्या (बाजूंना लावलेले, पाण्याने भिजणारे पडदे) वूडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक कातरणाच्या आहेत. आईला एसीत घसा कोरडा पडतो आणि गुडघे दुखतात, म्हणून ती दिवसभर कूलरसमोरच बसते. गेल्या वर्षीपासून पाणी भरताना कूलरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखे होते. त्यामुळे बाबा पायात चप्पल घालून पाणी भरतात.

माझे प्रश्न असे आहेत. जुन्या एसीवर आणखी खर्च करावा की नवा घ्यावा? नवा घ्यायचा तर दुकानदार म्हणतो त्याप्रमाणे दोन टनाचा घ्यावा का? डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे तापमान दहा अंशांच्या खाली जाते, तेव्हा थंड-गरम दोन्ही करणारा एसी घेणे आईबाबांसाठी उपयोगाचे ठरेल का? आणि कूलर ठेवावा की काढून टाकावा?

विद्युत पर्यवेक्षक, यवतमाळ

बाकीचे प्रश्न नंतर पाहता येतील, पण कूलर आजच बंद करा. चप्पल घालून पाणी भरणे हा उपाय नाही. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात याचा अर्थ पंपाच्या किंवा मोटारीच्या वायरीतून वीज पत्र्यात उतरते आहे आणि तिला जमिनीत जायला वाट मिळत नाही. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या, ओल्या हाताच्या माणसातून ती वाट तयार होते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या झटक्याने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, आणि पुष्कळदा पाणी भरणारी गृहिणी किंवा जवळ खेळणारे मूलच त्यात सापडते.

परवानाधारक वायरमनला बोलावून तीन गोष्टी तपासून घ्या. कूलरच्या सॉकेटमधली अर्थिंगची वायर खरोखर जोडलेली आहे का, हे सॉकेट उघडून डोळ्यांनी पाहा. घराच्या अर्थिंगचा रोध मीटरने मोजून घ्या. अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडला की रोध वाढतो, म्हणजे कूलर सर्वांत जास्त चालतो त्याच दिवसांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात नियमाने पाणी घालावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. पुष्कळ जण 'आमच्याकडे एमसीबी आहे' असे सांगतात, परंतु एमसीबी जादा भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले तरच पडतो. माणसाचा जीव घेण्याइतका अल्प प्रवाह त्याला कळतही नाही. आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

एक इशारा विसरू नका. घरात अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल (विजेची परतीची वायर) आणि अर्थ एकमेकांना जोडून देणारे कारागीर अजूनही भेटतात. तसे करू देऊ नका, कारण न्यूट्रल कुठे तुटला तर कूलरचा सगळा पत्रा थेट फेज होतो, म्हणजे त्यात पूर्ण वीज उतरते. हे सर्व झाल्यावरही पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढण्याची सवय ठेवा.

जुना मेकॅनिक, अमरावती

मी सत्तावीस वर्षे एसी दुरुस्तीचे काम केले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एसीतला वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो आणि नळी कुठे फुटलेली नसेल तर पंधरा वर्षांनीही तेवढाच असतो. तीन वर्षे दर मार्चला वायू भरावा लागला याचा अर्थ तीन वर्षे गळती शोधलीच गेली नाही. बारीक नळीवर बर्फ जमणे हेही वायू कमी पडल्याचेच चिन्ह आहे. पुढच्या वेळी कारागीर आला की त्याला वायू भरू देण्याआधी नायट्रोजन भरून दाब धरायला सांगा आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते स्वतः उभे राहून पाहा. पितळी नटाजवळ तेलकट डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच असते, कारण वायूबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर पडते. नटाच्या जागी गळती असेल तर नळीचे तोंड नव्याने पसरवून बसवले की काम भागते. कॉइललाच बारीक छिद्रे पडली असतील तर मात्र तुमच्या यंत्राच्या वयाचा विचार करता त्यावर पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याला आणखी एक कारण आहे. आर-२२ हा ओझोन थराला घातक वायू आहे आणि माँट्रियल करारानुसार भारतात तो २०३० पर्यंत हद्दपार व्हायचा आहे, त्यामुळे तो दिवसेंदिवस महाग आणि दुर्मिळ होत जाणार. 'याच यंत्रात नवा वायू भरून देतो' असे कोणी म्हटले तर ऐकू नका. आर-४१०ए आणि आर-३२ या वायूंचा दाब आर-२२ पेक्षा दीडपटीहून अधिक असतो आणि त्यांना तेलही वेगळे लागते. आर-२९० म्हणजे तर प्रोपेन, आणि त्यासाठी न बनवलेल्या जुन्या यंत्रात तो ज्वालाग्राही वायू भरणे हा जिवाशी खेळ आहे. यंत्राच्या पट्टीवर जो वायू छापलेला आहे त्याशिवाय दुसरा भरू देऊ नये.

आता टनाविषयी. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, सुमारे साडेतीन किलोवॅट इतकी उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. परंतु लेबलावरची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. नागपुरात मे महिन्यात ४५ अंश असतात, आणि त्या तापमानाला तेच यंत्र कमी थंडावा देते व जास्त वीज घेते. 'बाहेर ५२ अंशांपर्यंत चालतो' या जाहिरातीचा अर्थ यंत्र बंद पडत नाही एवढाच आहे, पूर्ण थंडावा देते असा नाही. म्हणून माहितीपत्रकात ४६ अंशांना क्षमता किती राहते हे छापले आहे का ते पाहावे, आणि नसेल तर दुकानदाराला विचारावे. तुमची खोली १५६ चौरस फूट आहे. स्लॅबचा ताप कमी केलात तर तिला दीड टन पुरेसा आहे. स्लॅब तसाच तापत ठेवून दोन टनाचा एसी घेणे म्हणजे चूल पेटती ठेवून पंखा मोठा करणे होय.

विजेचा हिशेब असा मांडता येतो. तुमचे यंत्र चालू असताना सुमारे पावणेदोन किलोवॅट घेत असावे. उन्हाळ्याचे १०० दिवस, रोज आठ तास, त्यातला पाऊण वेळ कॉम्प्रेसर चालू धरला तर हजाराच्या आसपास युनिट होतात. आजच्या पंचतारांकित (वीज बचतीचे पाच तारे असलेल्या) दीड टनी इन्व्हर्टर यंत्राच्या लेबलावर १,६०० तासांना साधारण साडेसातशे-आठशे युनिट असतात. आपल्याकडच्या उन्हामुळे प्रत्यक्ष वापर लेबलापेक्षा जास्त होतो हे धरूनही एका उन्हाळ्यात चारशे ते पाचशे युनिट वाचायला हरकत नाही. महावितरणच्या बिलात ३०० आणि ५०० युनिटांच्या पुढे दराचा टप्पा चढत जातो, त्यामुळे वाचणारी युनिटे ही नेमकी वरच्या, महाग टप्प्यातली असतात.

नवा घेतलात तर बसवण्याच्या दिवशी घरी थांबा. जुन्या तांब्याच्या नळ्या वापरू देऊ नका. नळ्या जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढावीच लागते, पण घाईत असलेला कारागीर थोडा वायू सोडून 'हवा निघाली' म्हणतो आणि पुढच्या घरी जातो. आत राहिलेली ओल पुढे कॉम्प्रेसरचे आयुष्य खाते. बाहेरचे युनिट भिंतीपासून पुरेसे सुटे असावे आणि त्याने फेकलेली गरम हवा परत त्याच्याच मागे येऊ नये. सावलीसाठी वर पत्रा टाकायचा असेल तर समोरची बाजू मोकळी ठेवावी. नंतरची देखभाल फारशी अवघड नाही. आतली जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धुवावी, आणि बाहेरच्या कॉइलमध्ये अडकलेली धूळ व कापसाची म्हातारी मार्चमध्ये हलक्या पाण्याच्या फवाऱ्याने काढावी. प्रेशर पंपाने नको, त्याने पत्र्याचे पंख वाकतात.

वाळ्याची ताटी, अकोला

कूलर काढून टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. अर्थिंगबद्दल वर जे लिहिले आहे ते आधी करा, पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर हे दुय्यम साधन नाही. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेली तापमापी वाऱ्यात धरल्यावर २३ अंशांच्या जवळ येते. चांगल्या ताट्यांचा कूलर या दोन आकड्यांमधला सुमारे ऐंशी टक्के पल्ला गाठतो, म्हणजे २७-२८ अंशांची, ओलसर, बाहेरून आलेली ताजी हवा देतो, आणि त्यासाठी मोटार व पंप मिळून सुमारे २०० वॅट घेतो. तुमच्या आईंचा घसा एसीत कोरडा पडतो आणि कूलरसमोर पडत नाही, याचे कारण हा ओलावाच आहे. मृगाचा पाऊस आला की मात्र हे गणित संपते. ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना कूलर जेमतेम दोन-अडीच अंश उतरवतो आणि घर दमट करतो, तेव्हा एसीच हवा.

कूलर चालत नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक घरांत मी एकच चूक पाहिली आहे, ती म्हणजे खिडक्या बंद असतात. कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी समोरच्या बाजूने बाहेर जायला वाट हवी, नाहीतर आर्द्रता साचते आणि चिकचिक होते. ताट्या दर हंगामाला बदला. वूडवूल दबून खाली सरकते आणि वरच्या भागात मोकळी फट पडते. त्या फटीतून गरम हवा तशीच आत येते. ही फट दुपारी ताटीच्या आतल्या बाजूने पाहिली की उन्हाच्या रेघेसारखी स्पष्ट दिसते. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात, पण सुवासाबरोबर त्या टिकतातही. मधाच्या पोळ्यासारख्या कागदी ताट्या अधिक वर्षे चालतात, परंतु बोअरच्या जड पाण्याने त्यांची भोके क्षाराने बुजतात. भर दुपारी मोठा कूलर तासाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज उडवतो, आणि पाणी उडाले तरी क्षार टाकीतच राहतात, म्हणून नुसते वरून पाणी घालत राहू नये. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी ठेवावी. डेंग्यूच्या डासाची अळी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडते, त्यासाठीही हाच कोरडा दिवस उपयोगी पडतो.

आणि स्लॅब. उन्हाने त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो, आणि तो ताप आत उतरायला काही तास लागतात, म्हणून वरच्या मजल्यावर खरा उकाडा दुपारी नव्हे तर संध्याकाळी सहा ते दहा या वेळात असतो. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्या. तेवढे पैसे सध्या नसतील तर डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात द्या. चुना पावसाने धुऊन जातो आणि दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो, पण तो स्वस्त आहे. आम्ही वर सात फुटांवर शेतातली हिरवी जाळीही ताणली आहे. मी तुमच्या जागी असतो तर एसीच्या आधी गच्चीवर खर्च केला असता.

जुना मेकॅनिक, अमरावती

अकोल्याच्या मंडळींशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त कूलर आणि एसी एकाच खोलीत एकदम चालवू नका. कूलरने आणलेली ओल काढण्यातच एसीची शक्ती जाते.

पहाटेची थंडी, गोंदिया

थंड-गरम एसीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. असा एसी हिवाळ्यात उलटा चालतो आणि बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, त्यामुळे आपल्याकडच्या आठ-दहा अंशांच्या थंडीत एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांएवढी ऊब मिळते. तारेचा हीटर मात्र एका युनिटात एकच युनिट देतो. परंतु आपल्याकडे खरी थंडी पाच-सहा आठवड्यांची असते, म्हणून केवळ तेवढ्यासाठी बरीच जास्त किंमत मोजावी असे मला वाटत नाही. घरात वृद्ध माणसे असतील आणि फरक थोडा असेल तर अवश्य घ्यावा. काहीही केले तरी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला ते कळत नाही.

गच्चीखालचे घर, नागपूर (२ जून)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, म्हणून काय काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

वायरमनने कूलरचा सॉकेट उघडला तेव्हा मागे हिरवी वायर होती, पण तिचे टोक कापून, वळवून, त्यावर काळी टेप गुंडाळून ठेवलेली होती. घर बांधल्यापासून ती तशीच असावी. बाबा ते पाहून बराच वेळ काही बोलले नाहीत. वायर जोडली, आरसीसीबी बसवला आणि कूलर सुरू करताच तो पडला. दोष पंपात निघाला. त्याच्या वायरीचा जोड पाण्याच्या पातळीखाली होता आणि टेप सुटलेली होती. पंप बदलल्यावर आरसीसीबी एकदाही पडलेला नाही. अर्थिंगचा खड्डा अंगणातल्या फरशीखाली सापडला. आता बाबा एक दिवसाआड त्यात बादलीभर पाणी घालतात.

एसीत नायट्रोजन भरून फेस लावला तेव्हा आतल्या युनिटच्या नटाशी बुडबुडे आलेच, पण पाण्याच्या ताटलीजवळ कॉइलच्या वळणावरही दोन ठिकाणी आले. त्यामुळे जुन्या यंत्राचा निर्णय तिथेच झाला. नवा घेण्यापूर्वी गच्चीला पांढरा रंग दिला. बाहेर कमाल तापमान ४२ च्या आसपास असलेल्या दोन दिवशी, रंगाआधी आणि रंगानंतर, एसी बंद ठेवून संध्याकाळी सात वाजता खोलीत तापमापी पाहिली. आधी ३८ होते, नंतर साडेचौतीस झाले. मग दीड टनाचाच पंचतारांकित इन्व्हर्टर घेतला, फक्त थंड करणारा. व्हॅक्यूम पंप गाडीत नाही असे बसवणारा म्हणाला, तेव्हा मी त्याला दुसऱ्या दिवशी पंप घेऊन यायला सांगितले आणि तो आला. नवतप्यात रात्री २६ वर ठेवून खोली नीट गार राहते आहे.

आई बैठकीत कूलरसमोरच बसते. या वेळी वाळ्याच्या ताट्या लावल्या आहेत. अकोल्याच्या सदस्यांना एक विचारायचे होते की पाऊस लागल्यावर या ताट्या काढून ठेवल्या तर पुढच्या वर्षी चालतील का?

वाळ्याची ताटी, अकोला

चालतील. मृगाच्या आधी काढा, साध्या पाण्याने क्षार धुऊन टाका, दोन दिवस कडक उन्हात उभ्या करून पूर्ण वाळवा आणि जुन्या सुती साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, आत राहिलेल्या ओलीने बुरशी येते. फेब्रुवारीत काढल्यावर वाळा दोन बोटांनी दाबून पाहा. तो चुरा होऊन गळला तर नव्या ताट्या घ्या, लवचिक असेल तर आणखी एक उन्हाळा निघेल.